चोरीला गेलेला लॅपटॉप ऑनलाइन दिसतोय, आत शिरू का?

काका, नमस्कार.

मी त्रिमूर्तीनगरात राहते. नागपूरच्या जुन्या तलावांवर प्रबंध लिहिते आहे. मागच्या मंगळवारी अभ्यासिकेतून माझा लॅपटॉप गेला. चहाला खाली उतरले, पंधरा मिनिटांनी वर आले तर टेबलावर वही, पाण्याची बाटली आणि भिंतीत खोचलेला चार्जर, एवढंच. पोलिस ठाण्यात गेले. तिथे 'गहाळ' म्हणून नोंद करून एक कागद हातात दिला.

माझ्या पुण्याच्या दादाने त्या लॅपटॉपवर क्रोम रिमोट डेस्कटॉप, म्हणजे फोनवरून दूरचा लॅपटॉप चालवायचं सॉफ्टवेअर, टाकून ठेवलं होतं. काल रात्री फोनवर सहज उघडलं तर माझ्या लॅपटॉपच्या नावाखाली 'ऑनलाइन'! हातपाय गार पडले. मायक्रोसॉफ्टच्या 'फाइंड माय डिव्हाइस'मध्ये नकाशावर एक गोल येतो, त्यात अर्धी बर्डी, म्हणजे सीताबर्डीची बाजारपेठ, मावते. दादा म्हणतो, पिन टाक, आत शिर, कॅमेरा सुरू कर आणि चोराचा फोटो काढ. त्याने एका अमेरिकी हॅकरचं भाषणही पाठवलं, ज्याने आपला चोर असाच पकडला होता. मित्र म्हणतात, चल, दहा जण जाऊन घेऊन येऊ. आणि एका ओळखीच्याचा 'हॅकर' मित्र पाच हजारांत सिरियल नंबरवरून पत्ता काढून देतो म्हणतो.

लॅपटॉप बाबांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला, सात हप्ते बाकी आहेत. प्रबंधाचं तिसरं प्रकरण फक्त त्यातच आहे. मी काय करू?

बेटा,

पिन टाकू नकोस. तुझा मेल आला त्या रात्रीच मी एवढं उलट कळवलं होतं आणि सोबत पासवर्ड बदलायची यादी पाठवली होती. आता सविस्तर लिहितो. दादाला राग येईल, येऊ दे.

आधी हे 'ऑनलाइन' म्हणजे काय ते समजून घे. तुझं ते रिमोटचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये सर्व्हिस म्हणून बसतं. कोणी लॉगिन केलेलं असो वा नसो, मशीन सुरू झालं आणि त्याला नेट मिळालं की इकडे तुझ्या फोनवर नाव उजळतं. तू म्हणशील, पासवर्ड माहीत नसताना त्याने नेट जोडलं कसं? लॉक स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह असतं. तिथून पासवर्ड न टाकताही नेटवर्क निवडता येतं. म्हणजे काल रात्री कोणीतरी बटण दाबलं, समोर तुझ्या नावाची लॉक स्क्रीन आली, त्याने जवळचं वायफाय जोडून पाहिलं आणि गाडी तिथेच अडली. यावरून एक गोष्ट पक्की होते: इतके दिवस झाले तरी मशीन फॉरमॅट झालेलं नाही. असं फार क्वचित घडतं. का, ते मला जरा जास्तच ठाऊक आहे.

बर्डीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं, एकवीस वर्षं. जिन्याखालची जागा, एक काउंटर, दोन स्टुलं. कोणी लॅपटॉप घेऊन आलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला, 'चार्जर आणला काय?' घरून निघालेलं गिऱ्हाईक चार्जर आणतं, नाहीतर 'अरे, घरीच राहिला' म्हणून कपाळावर हात मारतं. चोरीचा माल बहुतेक वेळा चार्जरशिवाय येतो. वायर भिंतीत खोचलेली असते आणि ती सोडवून गुंडाळत बसायला चोराजवळ वेळ नसतो. हे शहाणपण मला उशिरा आलं.

२०११ च्या उन्हाळ्यात एक पोट्टा आला. काळा लॅपटॉप, चार्जर नाही. 'पासवर्ड विसरलो काका, सगळं उडवून नवं टाकून द्या.' मी चारशे सांगितले, त्याने घासाघीस केली नाही. तिथेच समजायला पाहिजे होतं. झाकणावर फुलपाखराचं स्टिकर होतं. तो म्हणाला, हे पण काढून टाका. मी नखाने उचकटलं, खाली डिंक राहिला, तो थिनरच्या बोळ्याने पुसून दिला. फुकटात. पाऊण तासात मशीन कोरं झालं आणि तो गेला. चार दिवसांनी एक बाई दुकानादुकानातून विचारत आल्या, 'काळा लॅपटॉप आला होता काय? झाकणावर फुलपाखरू आहे, मुलीने चिकटवलेलं.' मी नाही म्हणालो. खोटं बोलायचं असं ठरवून नाही. आधी 'नाही' तोंडातून गेलं आणि मग थिनरचा वास आठवला. त्या पायऱ्या उतरून गेल्या. मी मागे धावलो नाही. पोट्ट्याचं नाव, नंबर काहीच लिहून घेतलं नव्हतं, सांगणार तरी काय, असं तेव्हा मी मनाला सांगितलं. पुढे रजिस्टर ठेवलं, बिलाची झेरॉक्स मागायला लागलो आणि काही गिऱ्हाइकं गमावली.

आता तर पेनड्राइव्ह लावला की वीस मिनिटांचं काम. तुझं मशीन आत्ता अशाच एखाद्या काउंटरच्या अलीकडे कुठेतरी थांबलेलं आहे. कोणीतरी ते घेतलंय, सुरू करून पाहिलंय आणि 'उद्या कोणाला तरी दाखवू' म्हणून बाजूला ठेवलंय. तुझ्या हातात आहे ती एवढीच फट.

अशा वेळी तू पिन टाकून आत शिरलीस तर काय होईल? त्याच्यासमोर स्क्रीनवर बाण आपोआप हलायला लागेल. हे सॉफ्टवेअर 'तुमचा डेस्कटॉप अमक्या ईमेलबरोबर शेअर होतोय' अशी पाटीही दाखवतं, तीही तुझ्याच ईमेलसकट. तो दचकेल, बटण दाबून धरेल आणि मशीन बंद. त्यानंतर ते सुरू होईल ते थेट पेनड्राइव्हवरून. चोराला शोधायचा तुझा एकमेव धागा तूच तोडलेला असेल. आणि कॅमेऱ्याचं म्हणशील तर आधी तुला विंडोजमध्ये लॉगिन करावं लागेल, म्हणजे जो दरवाजा त्याला इतके दिवस उघडला नाही तो तू त्याच्यासमोर आपल्या हाताने उघडून द्यायचा.

दादाने पाठवलेलं भाषण मी पाहिलं आहे. २०१० साली लास व्हेगासच्या डेफकॉन या हॅकर संमेलनात झॉझ नावाच्या हॅकरने ते दिलं. त्याचा मॅक बॉस्टनमध्ये चोरीला गेला होता आणि जवळपास दोन वर्षांनी तो अचानक नेटवर दिसला, तोही लास व्हेगासमध्ये. दुरून आत शिरायची सोय त्याने आधीच करून ठेवलेली होती. तो गुपचूप आत गेला, वापरणाऱ्याचं नाव-गाव काढलं, ते पोलिसांना दिलं आणि मशीन परत मिळालं. लोक हसून हसून लोळले त्या भाषणाला. पण दादाला दोन गोष्टी विचार. एक, तो काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून आत गेला होता, त्यामुळे समोरच्याला काही दिसलं नाही. तुझा रस्ता तसा नाही. दोन, तो मॅक वापरणाऱ्याने दोन वर्षांत फॉरमॅटच केला नव्हता. असा चोर भेटणं म्हणजे लॉटरी.

त्याच देशातली दुसरी हकिगत दादाने पाठवलेली दिसत नाही. ओहायो राज्यात शाळेचा एक लॅपटॉप चोरीला गेला. तो हात बदलत बदलत एका शिक्षिकेकडे आला. तिने तो एका विद्यार्थ्याकडून साठ डॉलरला घेतला होता. मशीन शोधून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने दुरून तिच्या गप्पा वाचल्या आणि तिचे अत्यंत खासगी फोटो टिपले, आणि पोलिस ते फोटो घेऊन तिच्या दारात उभे राहिले. बाईने उलट कंपनीवर आणि पोलिसांवर दावा ठोकला. २०११ मध्ये न्यायालयाने म्हटलं की मशीन चोरीचं असलं तरी असं डोकावायची मुभा मिळत नाही असं ज्युरीला वाटू शकतं, म्हणून खटला चालू द्या. आपल्याकडेही आयटी कायद्याचं कलम ६६ई आहे. कोणाच्या खासगी अवस्थेतली चित्रं परवानगीशिवाय टिपली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्या लॅपटॉपपुढे आज कोण बसलंय तुला माहीत आहे काय? चोरच असेल असं नाही. आठ हजारांत 'सेकंडहँड' म्हणून घेऊन दिलेल्या मशीनपुढे एखादी अकरावीतली मुलगी बसलेली असू शकते. मशीन तुझं आहे, तिची खोली तुझी नाही. आणि त्या मशीनवरून कोणी आपलं जीमेल किंवा बँक उघडली असेल आणि तू त्यात हात घातलास, तर तो अनधिकृत प्रवेश तुझ्या नावावर चढेल. मग ठाण्यात फिर्यादी म्हणून गेलेली तू आरोपी होऊन बाहेर येशील.

आता त्या गोलाबद्दल. दहा जण घेऊन निघायच्या आधी हे वाच.

लॅपटॉपमध्ये फोनसारखा जीपीएस सहसा नसतो. विंडोज आजूबाजूच्या वायफाय राउटरांचे क्रमांक आणि त्यांच्या सिग्नलचा जोर पाहतं, ते मोठ्या यादीशी ताडतं आणि अंदाज बांधतं. अंदाज जेवढा कच्चा तेवढा गोल मोठा. वायफायचा मेळ बसला नाही तर नेट कंपनीने दिलेल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवरच्या ओळख क्रमांकावरून, गाव ठरवलं जातं, आणि ते कुठलंही निघू शकतं. उद्या गोल मुंबईवर दिसला तर मशीन विदर्भ एक्स्प्रेसने गेलं असं समजू नकोस. शिवाय नकाशाला मजले कळत नाहीत. बर्डीत एका जिन्याला खाली चपलांचं दुकान, वर शिकवणी, त्याच्यावर वकील आणि गच्चीवर कोणाचं तरी बिऱ्हाड. तुम्ही दहा जण कोणत्या दारावर थाप मारणार? चुकीच्या दारावर मारली तर मार खाल. बरोबर दारावर मारली तरी तो मागच्या जिन्याने उतरेल. आणि गोलासोबत लिहिलेली 'शेवटचं दिसलं' ही वेळ पाहिलीस का? तो गोल आत्ताचा आहे की परवाचा, हे त्या वेळेवरून कळतं.

तुझं काम आहे ते टिपून ठेवायचं. रिमोटच्या यादीतलं 'ऑनलाइन', नकाशावरचा गोल आणि ती वेळ, या सगळ्याचे स्क्रीनशॉट घे, फोनची घड्याळाची पट्टी दिसेल असे. दिवसातून चार-सहा वेळा उघडून पाहा आणि वहीत तारीख-वेळ लिही. रोज रात्री नऊ ते अकरा दिसत असेल तर ते घर आहे, सकाळी अकरा ते रात्री आठ दिसत असेल तर दुकान. पोलिसांना एका गोलापेक्षा अशी वही जास्त कामाची.

एक चूक मात्र करू नकोस. मायक्रोसॉफ्टच्या पानावर 'डिव्हाइस काढून टाका' असा पर्याय आहे. लोक घाबरून तोच दाबतात आणि मशीन यादीतून गेलं की शोधही संपतो. 'लॉक' वेगळं, 'काढून टाका' वेगळं. तुझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे, तो आधीच लॉक स्क्रीनवर अडलाय, म्हणून तू घाई करू नकोस. ज्याने पासवर्डच ठेवला नव्हता त्याने मात्र पहिल्या मिनिटाला लॉक करावं, शोध गेला खड्ड्यात.

दादा नंतर आयपी पत्त्याकडे वळेल, म्हणून तेही सांगतो. लॅपटॉप नेटला जोडला की त्याला बाहेरच्या जगात एक आयपी पत्ता मिळतो. आत गेल्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा जो आकडा दिसतो तो घरातल्या राउटरने दिलेला. तो लाखो घरांत सारखाच असतो आणि त्यावरून काहीच शोधता येत नाही. बाहेरचा पत्ता तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या 'अलीकडची हालचाल' या भागात किंवा कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं की अगदी तळाशी उजवीकडे 'तपशील' मध्ये दिसू शकतो, त्या मशीनवरून खातं उघडलं गेलं असेल तर. पण आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या एकच बाहेरचा पत्ता एका वेळी शेकडो गिऱ्हाइकांत वाटतात. तेव्हा कंपनीला नुसता पत्ता देऊन भागत नाही, सेकंदापर्यंत वेळ लागते. इथेच घोळ होतो. बऱ्याच ठिकाणी वेळ यूटीसीत लिहिलेली असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. ती तशीच उतरवून कंपनीला पाठवली तर उत्तरात भलत्याच माणसाचं नाव येतं. वेळ लिहिताना पुढे 'भारतीय वेळ' किंवा 'यूटीसी' लिही. आणि कंपनी हे नाव तुला देणार नाही, मला देणार नाही, दादाला तर नाहीच. ते मिळतं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलिसांनी मागितल्यावर. त्यासाठी गुन्हा दाखल पाहिजे.

आणि तुझ्याजवळ आहे तो 'गहाळ'चा कागद.

हा कागद घेऊन तू घरी आलीस तिथेच खरी गोम आहे. गहाळ म्हणजे तुझ्या हातून हरवला. चोरी म्हणजे कोणीतरी नेला. गहाळच्या कागदाला तपास अधिकारी नसतो, त्यावर कोणी कंपनीला पत्र लिहीत नाही आणि विमा असला तरी तो कागद पुरत नाही. तुझा लॅपटॉप टेबलावरून उचलून नेला, चार्जर भिंतीत राहिला. ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ ची चोरी आहे. पाच हजारांवरचा माल, म्हणजे दखलपात्र, पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो असा. उद्या सकाळी पुन्हा ठाण्यात जा, बाबांना सोबत ने. अर्जात 'हरवला' हा शब्द एकदाही येऊ देऊ नकोस. लिही: अमुक वेळी टेबलावर ठेवला, अमुक वेळी परत आले, कोणीतरी चोरून नेला. बिल, सिरियल नंबर आणि स्क्रीनशॉटच्या प्रिंट जोड. सिरियल नंबर बिलावर नसला तर खोक्यावरच्या बारकोडपाशी असतो. अभ्यासिकेच्या जिन्यात किंवा समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर तेही आत्ताच लिहून दे, कारण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं.

हवालदार म्हणेल, 'मॅडम, बर्डी आमच्या हद्दीत नाही.' चोरी अभ्यासिकेत झाली, तेव्हा त्या ठाण्याचीच हद्द. आणि हद्द नसली तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न न काढता माहिती नोंदवून घ्यावीच लागते, प्रत फुकट द्यावी लागते. नाहीच घेतली तर आवाज चढवू नकोस. ठाणेदारांना भेट. तिथेही नाही झालं तर तोच अर्ज डाकेने पोलिस उपायुक्तांकडे पाठव, पोच सांभाळ. माझा अनुभव असा की वही आणि प्रिंट टेबलावर ठेवल्या की बोलण्याचा सूर बदलतो. त्या माणसापुढे दिवसभर 'साहेब काहीतरी करा' म्हणणारेच येतात. तारीखवार टाचण घेऊन येणारं कोणी नसतं.

मैत्रीण सांगेल की सरकारच्या संचार साथीवर चोरीचं उपकरण बंद करता येतं. ते फोनसाठी आहे, आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकावर चालतं. तुझ्या लॅपटॉपला सिमची खाच नसेल तर आयएमईआयच नाही.

गुन्हा दाखल झाल्यावर तपास अधिकाऱ्यांना रिमोटबद्दल सांग. त्यांनी म्हटलं आणि ते शेजारी बसलेले असले तरच पिन टाक, आणि तेव्हाही लॉगिन करू नकोस. लॉक स्क्रीनवरच त्या वायफायच्या चिन्हावर टिचकी मार. कोणत्या नेटवर्कला जोडलंय आणि आजूबाजूला कोणकोणती आहेत, ही नावं उघडी दिसतात. त्याचा फोटो काढ आणि बाहेर पड, सगळं मिळून दहा सेकंदांत. लोक वायफायला आडनाव देतात, दुकानाचं नाव देतात, 'दुसरा माळा' असंसुद्धा देतात. अर्ध्या बर्डीच्या गोलातून एक जिना काढायला कॅमेऱ्यातल्या अंधुक फोटोपेक्षा शेजारच्या दुकानाचं हे नाव कितीतरी पटीने उपयोगी पडतं. बाण हलेल, माणूस दचकेलही, पण तेव्हा तू एकटी नसशील.

पाच हजारवाल्या 'हॅकर'ला नमस्कार सांग. सिरियल नंबर नेटवरून कुठेही प्रक्षेपित होत नाही. तो कारखान्यात छापलेला आकडा आहे, गाडीच्या चेसिस नंबरसारखा. चेसिस नंबर सांगितला म्हणून गाडी हाक देते काय? मॅक अॅड्रेसचंही तसंच (हा वायफाय कार्डाचा क्रमांक, अॅपलच्या मॅकशी संबंध नाही), तो राउटरच्या पलीकडे जात नाही. सिरियल नंबर कामाला येतो तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एफआयआरच्या प्रतीसह कळवून ठेवायला, कोणी दुरुस्तीला आणलं तर. छोट्या दुकानांतही चिठ्ठ्या वाटता येतील, पण पोलिसांनी तो भाग पाहिल्यानंतर. मी दुकानदार होतो म्हणून सांगतो: चिठ्ठी वाटलीस की संध्याकाळपर्यंत सगळ्या बर्डीला कळेल, ज्याला कळू नये त्यालाही.

घेणारा सापडला तर त्याच्यावर तुटून पडू नका. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसं मानायला सबळ कारण असून घेतला असेल तर तो न्याय संहितेच्या कलम ३१७ चा गुन्हेगार. खरंच फसला असेल तर नाही. दोन्ही वेळा लॅपटॉप मात्र तुझाच राहतो, कारण चोराला जी मालकी नाही ती त्याला विकताही येत नाही. त्याचे पैसे बुडाले, ते त्याने विकणाऱ्याकडून वसूल करावेत.

खात्यांचं तू आटोपलंस असं कळवलंस, बरं केलंस. त्याने रिमोटचा धागा तुटला असता तरी मी तेच सांगितलं असतं. एक राहिलं असेल: व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून लॅपटॉप लॉग आउट कर, हे नव्वद टक्के लोक विसरतात असं माझं मत, मोजणी नाही. आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यात 'बिटलॉकर रिकव्हरी की' असं पान आहे, ते पाहा. तिथे तुझ्या लॅपटॉपच्या नावापुढे लांबलचक आकडा दिसला तर डिस्क कुलूपबंद आहे. ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी काही वाचता येणार नाही. पान रिकामं असेल तर समज की आधार-पॅनचे स्कॅन आणि बाबांच्या बँकेची कागदं, सगळं उघडं आहे. विंडोजचा पासवर्ड दाराला असतो, कपाटाला नाही. मग आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाक आणि बँकेला कळव.

आता तिसरं प्रकरण. तुझ्या मेलमधली ती ओळ मी तीनदा वाचली. 'फक्त त्यातच आहे' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा फक्त त्यातच नसतं. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, उघडून पाहा. विंडोज पुष्कळदा न विचारता डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तिकडे चढवत असतं, एरवी मी त्याला शिव्या घालतो. मार्गदर्शकांना मधला मसुदा पाठवला होतास का? आणि मुख्य म्हणजे, प्रिंट कुठे काढायचीस? विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सवाल्यांना पोरं फाइल मेल करतात नाहीतर व्हॉट्सअॅपवर टाकतात. तुझ्या 'सेंट'मध्ये शोध, फोनमधल्या त्याच्या चॅटमध्ये शोध, नाही सापडलं तर त्याच्याकडे जा. त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये गेल्या वर्षीच्या लग्नपत्रिकांपासून सगळं पडलेलं असतं. तलावांचे फोटो फोनने काढले असतील तर ते फोनमध्ये आहेतच. दोन महिन्यांपूर्वीचा कच्चा मसुदा मिळाला तरी पंधरा दिवसांत प्रकरण उभं राहील. लिहिलेलं दुसऱ्यांदा लिहिताना हात लवकर चालतो.

मशीन सापडलं तर ते लगेच हातात मिळणार नाही, हेही बाबांना आधीच सांगून ठेव. पंचनामा होईल, मुद्देमाल म्हणून जमा होईल, मग न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितलं की हजर करीन असं लिहून देऊन, सोडवायचं. वकील लागेल, दोन-चार खेटे पडतील. हप्ते मात्र दरम्यान भरत राहा. कर्ज लॅपटॉपवर नाही, बाबांच्या नावावर आहे.

आणि तो चार्जर कोणाला देऊन टाकू नकोस. बिल आणि खोक्याबरोबर एका पिशवीत ठेव. ओळख पटवायला ठाण्यात बोलावतील तेव्हा बॅटरी उतरलेली असणार, आणि तुझ्या मशीनला बसेल असा चार्जर मालखान्यात नसतो.